वाचकांचे प्रश्न : झांझिबारला शिकवायला जाताना

टांझानियाच्या झांझिबार बेटांवर जवळजवळ सगळी वस्ती मुसलमान आहे. तिथल्या शाळांत स्वयंसेवक शिक्षक म्हणून जाण्याबद्दल या महिन्यात मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. त्यांतली पाच निवडली आहेत.

परभणी : बी.एड. झालंय, विषय इंग्रजी आणि गणित. तिथली एक संस्था सहा महिन्यांसाठी बोलावते आहे. ‘टुरिस्ट व्हिसा काढून या, बाकीचं इथं आल्यावर बघू,’ म्हणतात. जाऊ का?

या बोलीवर जाऊ नका. पर्यटक व्हिसावर शिकवणं, बिनपगारी असलं तरी, बेकायदा आहे. पकडलं गेलं तर दंड आणि परत पाठवणी तुमच्या वाट्याला येते. टांझानियात स्वयंसेवकाचा वास्तव्य परवाना ‘क्लास सी’मध्ये येतो आणि अर्जाला बोलावणाऱ्या संस्थेची कागदपत्रं लागतात. ती द्यायला खळखळ करणाऱ्या संस्थेला आमचा सरळ नकार. परवान्याची फी कोण भरणार, राहायची खोली कुठे, आठवड्याला किती तास आणि कोणते वर्ग, हे पत्रावर लिहून घ्या.

इकडून पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने उरलेली हवी. १ ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारला जाणाऱ्या परदेशी पाहुण्याला तिथल्या सरकारी विमा कंपनीचा ४४ डॉलरचा विमा सक्तीचा आहे. तो ९२ दिवस चालतो, म्हणजे तुमचे सहा महिने त्यात बसत नाहीत. पुढचं काय, हे संस्थेला आधीच विचारा.

विमान इथिओपिया किंवा केनियामार्गे असेल तर यलो फिव्हरची लस सरकारमान्य केंद्रावर प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या. तिकीट काढून मग लस शोधायला निघतात, तिथेच फसतात. लस घेतल्याचं कार्ड नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड आता जन्मभर चालतं. हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. मच्छरदाणी मात्र न्याच.

अंबाजोगाई : जिल्हा परिषदेतून निवृत्त शिक्षक आहे. तिथली स्वाहिली भाषा अजिबात येत नाही. किती शिकावी लागेल?

वाटते तितकी परकी नाही. स्वाहिलीत अरबी-फारसी शब्द भरपूर, आणि निजामी राजवटीत उर्दूत कारभार चाललेल्या आपल्या मुलखाला त्यांतले बरेच ओळखीचे. किताबू म्हणजे पुस्तक, कलामू म्हणजे लेखणी, हेसाबू म्हणजे गणित, दुका म्हणजे दुकान, साबुनी साबण, बिमा विमा, वाकिली वकील. शिक्षकाला ‘म्वालिमू’ म्हणतात, तो आपला मुअल्लिमच. पण ‘दाफ्तारी’ म्हणजे वही! ‘दाफ्तारी काढा’ म्हटल्यावर मुलं दप्तर उघडतील, या भरवशावर राहू नका.

पहिल्या दिवशी वर्गात शिरताच मुलं उठून ‘शिकामो, म्वालिमू’ म्हणतील. हा लहानांनी मोठ्यांना करायचा नमस्कार. त्यावर उत्तर एकच, ‘मारहबा’. विनयापोटी उलट ‘शिकामो’ म्हणाल तर वर्ग खो खो हसेल, कारण तुम्ही त्यांना वडीलधारे केलेलं असतं. तुमच्याहून वयस्कर मुख्याध्यापक किंवा घरमालकीण भेटली तर ‘शिकामो’ तुम्ही आधी म्हणायचं. बरोबरीच्या माणसाला ‘हबारी?’ (काय खबर), उत्तर ‘न्झुरी’.

सगळ्यांत मोठी गडबड घड्याळाची. बेटं विषुववृत्ताजवळ, सूर्य वर्षभर सहाच्या आसपास उगवतो, म्हणून स्वाहिली तास उजाडल्यापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे ‘सा मोजा’, तास पहिला. ‘सा म्बिली’ म्हणजे आठ, ‘सा न्ने’ म्हणजे दहा. बोललेल्या आकड्यात सहा मिळवा. बारापुढे गेलं तर बारा वजा करा. पालकसभा ‘सा न्ने’ला ठरली आणि तुम्ही न्ने म्हणजे चार असा शब्दशः अर्थ लावून दुपारी चारला पोचलात, तर सभा सहा तासांपूर्वीच उरकलेली असते. निरोप आला की ‘स्वाहिली वेळ की इंग्रजी?’ एवढं विचारायचं.

नांदेड : मराठी माध्यमातला शिक्षक आहे. तिथं इंग्रजी शिकवताना काय अडतं?

मुलांपेक्षा तुमचंच जास्त अडेल. इंग्रजीतले ‘वेस्ट’ हे दोन शब्द घ्या, एक बनियन आणि दुसरा पश्चिम. आपण दोन्हींना एकच ‘व’ लावतो. स्वाहिलीत दोन्ही आवाज वेगळे आहेत, मुलांना फरक ऐकू येतो आणि तुमच्या तोंडून तो नाहीसा होतो. ‘थिंक’मधला जीभ दातांत धरून काढायचा आवाजही त्यांच्या ‘थेलाथिनी’ (तीस) या शब्दात आहे. आपला ‘थ’ तो नव्हे. आरशापुढे पंधरा दिवस सराव करा: पहिल्या व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, दुसऱ्या डब्ल्यूला ओठ गोल.

मुलांच्या चुका दोन. स्वाहिली शब्द स्वरावर संपतो, म्हणून बँकेची ‘बेंकी’ आणि शर्टचा ‘शाती’ झाला. तीच सवय इंग्रजी वाचनात येते. शब्द संपताच मूठ मिटायची, अशी खूण ठरवली की शेपूट गळतं. दुसरी चूक, तो आणि ती दोघांना स्वाहिलीत एकच ‘येये’, त्यामुळे ‘माय सिस्टर, ही इज’ सर्रास. आपल्याला तो-ती-ते जन्मापासून असल्यानं ही चूक निष्काळजीपणाची वाटते आणि शिक्षक चिडतो. फळ्यावर मुलगा आणि मुलगी काढा, रोज दोन्हींची पाच-पाच वाक्यं तोंडी घ्या, महिनाभर.

माध्यमिकचं माध्यम इंग्रजी असतं, प्राथमिकचं मुख्यतः स्वाहिली, त्यामुळे माध्यमिकच्या पहिल्या वर्षी गणित येणारी मुलंही प्रश्न न कळल्यानं गप्प बसतात. पहिले दोन आठवडे धड्याचे नाहीत, ‘वजा’, ‘गुणिले’, ‘सिद्ध करा’ या शब्दांचे. आणि सहकारी छडी वापरताना दिसले तरी तुम्ही हातात घ्यायची नाही. आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं ती बंद आहे, बोटीत बसलो म्हणून तो नियम सुटत नाही.

लातूर : आम्ही नवरा-बायको शाकाहारी. खाणं, पोशाख, रोजे यांचं काय?

खाण्याची धास्ती सोडा. ‘म्बाझी’ म्हणजे आपली तूर, नारळाच्या दुधात शिजवलेली, सकाळी मांदाझीसोबत खातात. मांदाझी म्हणजे तळलेला गोडसर पाव. भात, चपाती, घेवड्याची ‘महारागे’, ‘म्चिचा’ ही माठासारखी पालेभाजी सगळीकडे. रस्सा मासळीचा नाही ना, एवढं विचारत राहा. मिठाई वाटायची असेल तर जिलेटिनवाली नको.

बाईंना साडीपेक्षा सलवार-कमीज बरी. पोट-कंबर झाकलेली, ओढणी खांद्यावर. सरांनी गुडघ्याखाली पॅंट. समुद्रावरच्या हॉटेलात पर्यटक कसे फिरतात ते गावात चालत नाही. परक्या बाईनं हात पुढे केला तरच हस्तांदोलन. मुलीला एकटीला जादा तासाला बसवू नका.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२७मध्ये तो चंद्रदर्शनानुसार फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल. त्या महिन्यात रस्त्यावर वा वर्गात पाण्याची बाटलीही तोंडाला लावायची नाही. स्टाफरूमचं दार लावून प्या. अवघड गणित पहिल्या दोन तासांत घ्या, दुपारनंतर पोरांच्या अंगात त्राण नसतं. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या वेळेत काही ठरवू नका.

उदगीर : खोलीत गणपती ठेवला तर? धर्माबद्दल विचारलं तर?

खोलीत ठेवा, वर्गात चर्चा नको. ‘तुम्ही मुसलमान का नाही?’ हे मुलं आपुलकीनं, कुतूहलानं विचारतात. ‘आईवडिलांचा धर्म पाळतो,’ एवढं पुरतं. भारत-पाकिस्तान हा विषय चहावरही काढू नका.

बाकी न्यायचं म्हणजे चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर, कारण आपली गोल पिन तिथल्या बहुतेक सॉकेटमध्ये बसत नाही. शिवाय खडूची ॲलर्जी असेल तर मास्क. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा हंगाम, छत्री त्यासाठी.