जुन्या गाड्यांचा पत्रा जाड होता, मग त्या जास्त सुरक्षित होत्या का?

तुमचे बाबा म्हणतात की त्यांची फियाट दणकट होती आणि आताच्या गाड्या जरा धक्का लागला की चेपतात. पत्र्याबद्दल त्यांचं बरोबर आहे. सुरक्षिततेबद्दल मात्र अजिबात नाही. फियाटवर, म्हणजे कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीवर, मी गाडी शिकलो. त्या गाडीवर माझं प्रेम आहे, तरीही हेच सांगेन.

आधी वजन. पद्मिनी भरायची साधारण ९०० किलो, आजची स्विफ्टही जवळपास तेवढीच. फरक आहे तो लोखंड कुठे आणि कोणत्या प्रतीचं वापरलंय यात. बाहेरचा पत्रा अपघातात फारसा वाचवत नाही. वाचवतो तो माणसांभोवतीचा सांगाडा: दारांमधले खांब, छताच्या कडा, खालचे आडवे-उभे तुकडे. आज तिथे अतिशय कणखर पोलाद असतं, आणि बोनेटचा भाग मुद्दाम चेपेल असा बनवतात. ही कल्पना मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बारेनी यांची. १९५९ पासून ती रस्त्यावरच्या गाड्यांत आली.

चेपायचं कशासाठी? ताशी ६४ किलोमीटरने जाणारी गाडी २० सेंटिमीटरात थांबली, तर शरीरावर जे बल येतं, त्याच्या एक तृतीयांशच ६० सेंटिमीटरात थांबल्यावर येतं. गाडी चेपली नाही, तर तो हिशेब तुमच्या बरगड्या चुकता करतात. पद्मिनीत तर स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीच्या रोखाने असायचा.

अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरले मालिबू समोरासमोर आदळवल्या. त्याचा व्हिडिओ बाबांना नक्की दाखवा. एवढी अवाढव्य बेल एअर, पण तिची केबिनच मिटली. मालिबूचं नाक पार गेलं, पण आत चालकाच्या जागी बसवलेल्या चाचणीच्या पुतळ्याची जागा शाबूत राहिली.

आता बाबांच्या बाजूचं. जुनी गाडी दुरुस्त व्हायची. कुठल्याही गावातला मिस्त्री पत्रा ठोकून सरळ करायचा, कार्ब्युरेटर उघडून पुसून परत बसवायचा. खंडाळ्याच्या चढावर इंजिन तापून पेट्रोल अडलं की इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवायचं, थोडं थांबायचं, पुढे निघायचं. आज एक सेन्सर गेला तरी लॅपटॉप जोडावा लागतो आणि अख्खा भागच बदलतात. हे नुकसान खरं आहे. गंजाचं मात्र उलट: जुन्या गाड्यांची दारं खालून सडायची, आता पत्र्यावरची प्रक्रियाच इतकी सुधारली आहे की तो त्रास बराच कमी झालाय.

चालवण्यातला बदल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पद्मिनीला चारी चाकांना ड्रम ब्रेक, स्टिअरिंगला पॉवर नाही, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. ऐंशीच्या पुढे गेलात की सगळी गाडी बोलायला लागायची, त्यामुळे पाय आपोआप सैल पडायचा. आजच्या गाडीत एक्स्प्रेसवेवर ११० चा वेग ६० सारखा वाटतो. लोक तितक्याच बेफिकिरीने अंतर ठेवतात, म्हणजे ठेवतच नाहीत. शिवाय मागच्या सीटवर पट्टा लावत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री ज्या गाडीच्या अपघातात गेले, ती चांगली मर्सिडीज होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. गाडीने सगळं सोसलं तरी पट्टा नसलेला माणूस त्याच वेगाने पुढे फेकला जातो.

सगळ्याच नव्या गाड्या चांगल्या असंही समजू नका. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आदळवून सुरक्षिततेसाठी पाचपैकी तारे देणाऱ्या संस्थेने, भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या तपासल्या, पाचही शून्य तारे घेऊन बाहेर पडल्या. २०१८ मध्ये आपल्या रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची तशीच चाचणी सुरू आहे. गाडी घेताना तारे बघा, पण ते नेमके तुम्ही घेताय त्याच पिढीच्या मॉडेलचे आहेत ना, तेही तपासा. नाव तेच राहतं, खालचा सांगाडा बदललेला असतो.