सांडाकानमार्गे बोर्निओच्या जंगलात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिसेंबरच्या सुट्टीत सांडाकानला जावं का? (ठाणे)

शक्य असेल तर एप्रिल-मेपर्यंत थांबा. बोर्निओ बेटावरच्या, मलेशियातल्या साबा राज्याच्या या पूर्व किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाचा जोर असतो. किनाबातांगान नदी फुगते, जंगलातल्या पायवाटा बुडतात. उन्हाळी सुट्टीतही रेनकोट लागेलच. आणि पासपोर्ट हाताशी ठेवा. क्वालालंपूरहून आलात तरी साबात तो तपासतात.

प्रश्न : गावात मुक्काम करावा की विमानतळावरून थेट सेपिलोकच्या ओरांगउटान (वानर) केंद्राकडे? (नाशिक)

एक दिवस गावाला द्याच. १८८४पासून ही ब्रिटिश उत्तर बोर्निओची राजधानी होती. १९४५मध्ये युद्धात गाव बेचिराख झालं आणि राजधानी आजच्या कोटा किनाबालूला गेली. इथल्या जपानी छावणीतले सुमारे २,४०० ऑस्ट्रेलियन व ब्रिटिश युद्धकैदी मेले. वाचले फक्त सहा. छावणीच्या जागी आज स्मृतिउद्यान आहे. तिथे न जाता पुढे जाऊ नका.

प्रश्न : सेपिलोकला ओरांगउटान दिसतातच ना? मुलांना कबूल केलंय. (कोल्हापूर)

तेवढं कबूल करू नका. १९६४पासून इथे अनाथ पिल्लांना वाढवून जंगलात परत सोडतात. सकाळी १० आणि दुपारी ३च्या सुमारास मचाणावर खाणं ठेवतात, पण रानात फळं भरपूर असली की ते फिरकतही नाहीत. मचाण रिकामं राहिलं तर केंद्राचं काम फळाला आलं, हे मुलांना आधीच सांगा. शेजारीच सूर्य-अस्वलांचं केंद्र आहे, तेही बघा.

मात्र तेवढ्यावर परतू नका. किनाबातांगानकाठच्या सुकाऊ किंवा बिलित गावी दोन रात्री राहून सकाळ-संध्याकाळ होडीतून नदी पाहा. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं, धनेश, नशीब असेल तर हत्तीही दिसतात. इतके प्राणी काठावरच का दिसतात, याचं उत्तर येतानाच्या रस्त्यावर आहे : मैलोन्‌मैल तेलताडाची लागवड. जंगलाची नदीलगत जेमतेम पट्टी उरली, प्राणी तिथे दाटले. २००५मध्ये सुमारे २६ हजार हेक्टरचं अभयारण्य जाहीर झालं, तेही तुकड्यातुकड्यांत. म्हणून होडीवाल्याला जवळ जायचा आग्रह करू नका, आणि जमल्यास गावकऱ्यांच्या घरी उतरा. जंगल राखल्याचा पैसा त्यांच्या हाती पडायला हवा.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. (पुणे)

गावात चिनी बौद्धांची शाकाहारी खानावळ विचारा. इतरत्र भाजीतही ‘बेलाचान’ म्हणजे कोळंबीचं वाटण असतं, तेव्हा ऑर्डर देतानाच नको म्हणा. नदीवरच्या मुक्कामाला मात्र बुकिंग करतानाच कळवा. तिथलं सामान गावातून येतं.