शंभर रुपयांना एक रुपयाचा नफा

प्रश्न : बँकेतून निवृत्त होताना मिळालेल्या रकमेतील काही भाग नव्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअरमध्ये गुंतवावा, असा माझ्या मुलाचा आग्रह आहे. त्याने सुचवलेल्या एका कंपनीचा भाव वार्षिक नफ्याच्या शंभरपट आहे. शंका काढली, तर तो म्हणतो, ‘‘बाबा, तुमच्या जुन्या फूटपट्ट्या इथे चालत नाहीत.’’ असा भाव कंपनीच्या प्रत्यक्ष कामगिरीला धरून असू शकतो का?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : असू शकतो; पण त्यासाठी पुढे काय काय घडावे लागेल, याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. चढा भाव आपल्या शहराला नवा नाही. मुलुंडमधील दीड कोटीचा फ्लॅट समजा महिना 36 हजार रुपये भाड्याने जात असेल, तर मालमत्ता कर आणि देखभाल न धरताही आपण वर्षाच्या भाड्याच्या जवळपास 35 पट किंमत मोजलेली असते. सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत हेच प्रमाण 14 पटींच्या आसपास येते. शंभरपट भाव देणारा माणूस मात्र न झालेल्या वाढीचे पैसे आगाऊ भरत असतो.

समजा, शेअरमागे आजचा नफा एक रुपया आणि भाव शंभर रुपये आहे. नफा सलग दहा वर्षे दरसाल 25 टक्क्यांनी वाढला, तर तो 9 रुपये 30 पैसे होईल. तोवर कंपनी मोठी होऊन वाढ मंदावली आणि बाजाराने नफ्याच्या 25 पट भाव दिला, तर शेअर 233 रुपयांवर असेल, म्हणजे परतावा वर्षाला नऊ टक्क्यांहूनही किंचित कमी. वाढ 15 टक्केच झाली, तर नफा चौपट होऊनही दहा वर्षांनी हाती मुद्दलच येईल.

मार्च 2000 मध्ये इंटरनेटची जोडणी उपकरणे बनवणाऱ्या सिस्को या अमेरिकी कंपनीचा भाव नफ्याच्या शंभरपटींहून अधिक होता. इंटरनेट पसरणार, हा अंदाज खरा ठरला, पुढच्या दहा वर्षांत कंपनीची विक्रीही दुपटीहून अधिक झाली. तरी तो भाव तिला वीस वर्षांनंतरही परत गाठता आला नव्हता.

चिरंजीवांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. कारखान्याच्या यंत्राचा खर्च अनेक वर्षांवर विभागला जातो, तर ग्राहक मिळवण्याचा आणि सॉफ्टवेअरवरचा बहुतेक खर्च त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो, त्यामुळे वाढत्या कंपनीचा आजचा नफा खऱ्या ताकदीपेक्षा कमी दिसू शकतो. ॲमेझॉनचा शेअर 2000 च्या सुमारास झालेल्या इंटरनेट कंपन्यांच्या पडझडीत 90 टक्क्यांहून अधिक कोसळला आणि पुढे कितीतरी पटींनी वाढला. अर्थात, ती घसरण निवृत्तीच्या पैशावर सोसायची तयारी किती जणांची असते?

तिमाही निकालात ‘इतर उत्पन्न’ ही ओळ मात्र अवश्य पाहावी. शेअर विकून उभारलेला पैसा बँकेत ठेवून मिळालेले व्याज तिथे येते, आणि काही नव्या कंपन्यांचा नफा ते वगळताच तोट्यात जातो. आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाने, ते व्याज शंभरपट भावाने विकत घ्यावे का, हे मुलाला जरूर विचारावे.