दुबईत इलेक्ट्रिशियनची नोकरी आहे, एजंट १ लाख २० हजार मागतोय आणि व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणतोय. जावं का?

या अटींवर नाही. दुबईला जाऊच नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः तिथे पोट भरलंय. पण तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं धरलं, तर यात एजंटचा फायदा पक्का आणि तुमचा अधांतरी आहे.

तुम्ही लिहिलंय ते असं: आयटीआय झालंय, चाकणला तीन वर्षं काम केलंय, हातात महिना बावीस हजार येतात. दुबईच्या कंपनीचा पगार १५०० दिरहम, राहणं कंपनीचं, जेवण आपलं. साताऱ्यातला एजंट म्हणतो, ‘आधी व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर व्हिसा चेंज होतो.’

मी मूळचा खेडचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्या पट्ट्यात आखातात जाणं नवलाचं नाही, गावोगावी कुणाचा तरी चुलता, मेहुणा तिकडे असतोच. मी दुबई आणि अबू धाबीत एमईपी (इमारतींचं वीज, एसी, प्लंबिंगचं काम करणाऱ्या) कंपन्यांमध्ये आधी इलेक्ट्रिशियन आणि मग फोरमन म्हणून काम केलं. फोरमन झाल्यावर नवीन पोरं कागद घेऊन माझ्याकडे यायची, ‘हे बरोबर आहे का बघा ना’ म्हणून. तेव्हा बघून उपयोग नसायचा. ते कागद इथेच, पैसे देण्याआधी बघायचे असतात.

आधी व्हिजिटचं. एजंट पूर्ण खोटं बोलत नाहीये. व्हिजिटवर आलेल्या माणसाचा व्हिसा तिथल्या तिथे कामाच्या व्हिसात बदलता येतो, कंपनीने वर्क परमिट काढलं तर. सगळी मेख त्या ‘तर’मध्ये आहे. व्हिजिटची मुदत संपली की दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. वर्क परमिट निघायच्या आधी काम केलं तर ते बेकायदा, आणि बेकायदा कामाचा पगार मागायला कुठे जाणार? परमिटशिवाय माणूस कामाला लावला तर कंपनीला एक लाखापासून दहा लाख दिरहमपर्यंत दंड आहे, २०२४ मध्ये तो वाढवलाय. म्हणून नीट चाललेली कंपनी असले उद्योग करत नाही. तिला तुमची गरज असेल तर ती कामाचा एंट्री परमिट तुम्ही भारतात असतानाच काढते. व्हिजिटवर बोलावणाऱ्याला बहुतेक वेळा माणूस समोर बघून, जमलं तर ठेवायचा आणि नाही तर परत पाठवायचा असतो. तिकिटाचा खर्च मात्र तुमचा.

आता पैशाचं. दिरहम सोयीसाठी २४ रुपये धरू, म्हणजे १५०० चे झाले ३६ हजार. कॅम्पवर, म्हणजे कामगारांच्या वस्तीत, पाच-सहा जणांनी मिळून स्वयंपाक केला तरी जेवण, मोबाइल, साबण-दाढी, आठवड्याला एखादा चहा-समोसा धरून पाचशे दिरहम कुठे जातात कळत नाही. मागे राहतात हजार, म्हणजे २४ हजार रुपये. एजंटचे १ लाख २० हजार म्हणजे ५००० दिरहम. नुसती मुद्दल फेडायला पाच महिने, आणि सावकाराकडून शेकडा तीनने उचलले असतील तर दर महिन्याला ३६०० व्याज वेगळं. पहिले सहा महिने तुम्ही घरासाठी नाही, एजंट आणि सावकारासाठी राबणार. आणि तिथल्या कायद्याप्रमाणे प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं, त्या काळात कंपनी १४ दिवसांची नोटीस देऊन काढू शकते. ज्या काळात डोक्यावर कर्ज, नेमक्या त्याच काळात नोकरी सगळ्यात कच्ची. कर्ज काढून आलेला पोरगा मग कशालाच नाही म्हणत नाही. रात्रीची ड्यूटी लाव, दुपारच्या उन्हात छतावर चढव, तो गप्प.

यूएईच्या कामगार कायद्यात (२०२१ चा, फेब्रुवारी २०२२ पासून लागू) स्पष्ट लिहिलंय की भरतीचा खर्च कंपनीने कामगाराकडून घ्यायचा नाही, सरळ नाही आणि आडूनही नाही. आणि आपल्याकडे नोंदणी असलेला रिक्रूटिंग एजंटसुद्धा सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो, तेही पावती देऊन. मग १ लाख २० हजार कशाचे? हा प्रश्न एजंटला विचाराच. ‘व्हिसाचे’ म्हणाला तर व्हिसा कंपनीचा खर्च आहे. ‘वर द्यावे लागतात’ म्हणाला तर तिथेच उठा.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये तो मुद्दा. मला विचाराल तर पगाराच्या आकड्यापेक्षा तो मोठा आहे: १५०० मध्ये बेसिक किती?

आखाती ऑफर लेटरमध्ये पगार दोन तुकड्यांत असतो, बेसिक आणि अलाउन्स. १५०० म्हणजे कधी ९०० बेसिक आणि ६०० अलाउन्स असतं. दर महिन्याला हातात तेवढेच पडतात म्हणून कुणी बघत नाही. पण ओव्हरटाइम बेसिकवर निघतो. ९०० बेसिकचा तास ३ दिरहम ७५ फिल्सचा, त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ओटीचा तास पावणेपाचच्या आतच. बेसिक पूर्ण १५०० असतं तर तोच तास पावणेआठच्या वर जातो. साइटवर दिवसाला दोन तास ओटी रोजचंच, महिन्याचा फरक तुम्हीच काढा. (रात्री १० ते पहाटे ४ मधल्या ओटीला २५ नाही, ५० टक्के जास्त मिळतात, शिफ्टवाल्यांना सोडून. टाइमशीटवर सही करताना हे बघायचं.)

ग्रॅच्युइटीही बेसिकवरच. वर्ष पूर्ण झाल्यावर लागू होते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक आणि त्यापुढे ३० दिवसांचं. पाच वर्षांनी ९०० वाल्याला ३१५० दिरहम मिळतात, १५०० वाल्याला ५२५०. शिल्लक रजेचे पैसे बेसिकवर. २०२३ पासून तिथे नोकरी गेल्याचा विमा सक्तीचा आहे. बेसिक १६ हजारांपर्यंत असेल तर महिना ५ दिरहम, आणि वर्षभर हप्ते भरल्यावर कंपनीने काढलं तर तीन महिन्यांपर्यंत बेसिकच्या ६० टक्के रक्कम देतो. तोही बेसिकवर. माझ्या हाताखाली दोन वायरमन होते, एकाच रूमवर राहणारे, हातात येणारा पगार सारखा. एक सुट्टीवर जाताना हिशेब घेऊन आला तेव्हा दुसऱ्याला कळलं की आपला कागद वेगळा आहे. तोवर दोघांची चौथी दिवाळी कॅम्पवर झाली होती.

तेव्हा १५०० मध्ये बेसिक हजाराच्या वर असेल तर बोलू. तुमच्यासारख्या तीन वर्षं पॅनेल-वायरिंग केलेल्या माणसाने ९०० बेसिकवर जाऊ नये असं माझं मत आहे. अनुभव नसलेला हेल्परही जवळपास तेवढ्यात जातो.

कागद कसा तपासायचा? खरी ऑफर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यात येते, त्यावर एमबी अक्षरांनी सुरू होणारा ट्रान्झॅक्शन नंबर असतो आणि तो मंत्रालयाच्या साइटवर टाकून बघता येतो. अरबी आणि इंग्रजीबरोबर तिसऱ्या भाषेत, अगदी हिंदीतही, ती मागता येते. नंतर होणारा करार त्या ऑफरशी जुळलाच पाहिजे. कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलेलं आणि व्हॉट्सअॅपवर आलेलं पान म्हणजे ऑफर नव्हे. एजंटचं नाव आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधा. नोंदणी असलेल्यांची यादी तिथे आहे, आणि बेकायदा एजंटांचीही आहे. साताऱ्यातला म्हणेल, ‘माझं लायसन्स नाही, मी मुंबईच्या ऑफिससाठी काम करतो.’ तो सब-एजंट झाला, आणि १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यात परवान्याशिवाय भरतीला जागाच नाही. मुंबईच्या ऑफिसात स्वतः जा, पैसे द्यायचेच तर तिथे, बँकेतून.

एक बारीक गोष्ट. तुम्ही दहावी पास आहात, त्यामुळे तुमच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी’ असा शेरा, नसणार. दहावी न झालेल्या माणसाला आखातासह १८ देशांत कामाला जायचं तर सरकारची मंजुरी लागते, त्यात कंपनी आणि करार तपासला जातो, आणि प्रवासी भारतीय विमा सक्तीचा असतो (दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, अपघाती मृत्यूला १० लाख). तुम्हाला या चाळणीतून जावं लागत नाही, म्हणून लोक खूश होतात. पण याचा दुसरा अर्थ तुमचा कागद तुमच्याशिवाय कुणीच तपासणार नाही. ई-मायग्रेटवर तुम्हीही आपणहून नोंद करू शकता. करा. काही बिनसलं तर आपल्या वकिलातीकडे तुमची माहिती आधीच असते.

कॅम्पबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. सोनापूर, अल कूझ, जबल अली, बहुतेक कॅम्प या भागांत. बंक बेड, रूममध्ये सहा-आठ जण, सामाईक किचन. साइट लांब असेल तर बस पहाटे साडेचार-पाचला सुटते, तो प्रवासाचा वेळ पगारात धरत नाहीत. भाषेची अडचण येत नाही, साइटवर हिंदीच चालते. मराठी माणूस रूमवर मिळेलच असं नाही, मलबारी, बिहारी, पाकिस्तानी, नेपाळी मिळतील, आणि महिन्याभरात तुम्हाला खुबूस (तिकडची अरबी रोटी) आणि डाळ आवडायला लागेल. थालीपिठाची आठवण आली तर दातारांच्या अल आदिलच्या दुकानांत भाजणीपासून लोणच्यापर्यंत सगळं मिळतं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, हा नियम सरकार कडक पाळायला लावतं. पण सकाळी दहालाच चाळिशी ओलांडलेली असते, पाणी तहान नसताना प्यायचं.

लग्न झालंय का ते लिहिलेलं नाही. झालं असेल तर हे लक्षात घ्या की बायकोला तिथे नेण्यासाठी पगार ४००० दिरहम, किंवा ३००० आणि कंपनीचं घर, एवढा लागतो. म्हणजे पहिली काही वर्षं तुम्ही एकटेच. वर्षाला ३० दिवस रजा कायद्याने आहे, पण जाण्यायेण्याचं तिकीट दर वर्षी देणार की दोन वर्षांनी, हे ऑफरमध्येच बघून घ्या.

पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं तिथे बेकायदा आहे. तरी काही ठिकाणी ‘सुरक्षित ठेवायला’ म्हणून सही घेतात. देऊ नका, निदान सगळ्या पानांचे फोटो घरी पाठवून ठेवा. पगार डब्ल्यूपीएस या तिथल्या सरकारी पगार-यंत्रणेतून, म्हणजे बँक किंवा एक्स्चेंजच्या कार्डावर यायला हवा. कार्डावर आलेल्या पैशातले काही रोख परत मागितले तर तो गुन्हा आहे. तक्रार करायची वेळ आली तर दुबईत आपल्या सरकारचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, ८००४६३४२ हा फुकट नंबर, हिंदीत बोलतात.

कर्ज काढण्याआधी इथेच छातीचा एक्स-रे आणि रक्त तपासून घ्या. तिथे पोचल्यावर रेसिडेन्सीसाठी मेडिकल होतं, त्यात टीबी किंवा एचआयव्ही निघाला तर परतीचा रस्ता. आणि आईला सांगा, मसाल्यात खसखस घालू नको. थट्टा नाही, यूएईत खसखस बंदीच्या यादीत आहे. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली गोळी, खोकल्याचं औषधही मंजुरी असल्याशिवाय न्यायचं नाही.

आता तुमच्या बाबतीत नेमकं काय करायचं. एजंटला फोन करून तीन गोष्टी मागा: परवाना नंबर, मंत्रालयाच्या नमुन्यातली ऑफर, आणि ‘एम्प्लॉयमेंट’ लिहिलेल्या एंट्री परमिटची प्रत. व्हिजिटवर जाणार नाही हे पहिल्याच वाक्यात सांगा. दहापैकी आठ एजंट तिथेच फोन ठेवतील. नववा म्हणेल आठ दिवस थांब, त्याच्यासाठी थांबा. तोवर चाकणची नोकरी सोडू नका, तिकीट काढू नका आणि गावात कुणाला ‘चाललो’ म्हणून सांगू नका, कारण एकदा सांगितलं की माणूस वाईट कागदावरही सही करतो. ऑफर आली तर नाव आणि पासपोर्ट नंबर झाकून बेसिक, कामाचे तास आणि तिकिटाची ओळ इथे लिहा, वाचून सांगतो.