तुझी सुट्टीची शीट बघितली, आता थोडं ऐक

अगं,

तुझी शीट मिळाली. काल रात्री उघडली, आधी हसलो आणि मग जरा घाबरलोच. सात दिवस, बेचाळीस ओळी, प्रत्येक ओळीपुढे वेळ, आणि तिसऱ्या दिवशी निळ्या रंगात '४ ते ५ : रिलॅक्स'. फोनवर मला काय म्हणाली होतीस? "दादा, या वेळी फक्त आराम, बाकी काही म्हणजे काही नाही." आणि त्या आरामाच्या वाट्याला अख्ख्या आठवड्यात एक तास, तोही दोन पॉइंट्सच्या मधे कोंबलेला!

रागावू नकोस, मी याच्याहून भारी प्रताप केलेत. तुझ्याच वयाचा असताना वर्षभर राबून पाच दिवस सुट्टी काढली आणि पाच दिवसांत चार मुक्काम. रोज सकाळी बॅग भरा, रोज रात्री चार्जर शोधा. शेवटच्या दिवशी पहाटे निघायचं होतं, गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. मी बाहेर पायरीवर बॅगेला टेकून बसलो होतो. समोर फरशीवर उन्हाचा एक तुकडा पडला होता, तो हळूहळू एका फरशीवरून दुसरीवर सरकत होता, एक मुंगी त्याच्या कडेकडेने चालली होती आणि ऊन सरकलं की तीही सरकायची. गाडी आली तेव्हा लक्षात आलं की पाच दिवसांत खांदे पहिल्यांदा सैल पडलेत. त्या ड्रायव्हरला मी उशिराबद्दल झापलंही, खरं तर आभार मानायला हवे होते बिचाऱ्याचे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आरामाच्या सुट्टीचं प्लॅनिंग उलटं करायचं असतं. मधले दिवस मोकळे सोडायचे आणि सगळी मेहनत घ्यायची ती कडांवर, म्हणजे निघायच्या आधीचा आठवडा आणि परत आल्यावरचे एक-दोन दिवस. आपण नेमकं उलट करतो, मधलं ठासून भरतो आणि कडा वाऱ्यावर सोडतो, मग शुक्रवारी रात्री बारापर्यंत काम, शनिवारी पहाटे प्रवास, पुढच्या रविवारी रात्री घरी आणि सोमवारी सकाळी मीटिंग. याने कोणाचा शीण गेलाय?

हे नुसतं माझं मत नाही बरं का. २०१० मधे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पंधराशेच्या वर लोकांचा अभ्यास केला, सुट्टीवर गेलेले आणि न गेलेले. सुट्टीवर जाणारे लोक जाण्याआधी जास्त खूश होते, ते वाट बघण्यामुळे असणार, पण परत आल्यावर बहुतेकांच्यात आणि घरीच राहिलेल्यांच्यात काही फरक उरला नव्हता. फक्त ज्यांनी 'सुट्टी अगदी निवांत गेली' असं सांगितलं त्यांचा आनंद थोडा टिकला, तोही साधारण दोनेक आठवडे. 'बरीचशी निवांत' म्हणणाऱ्यांनाही तो टिकवता आला नाही! म्हणून तुझ्या बेचाळीस ओळी बघून माझ्या पोटात गोळा आला.

आता पहिला प्रश्न, जो तू शीटमधे कुठेच विचारलेला नाहीस. तू नक्की कशाने थकली आहेस? झोप कमी पडलीये, डोकं स्क्रीनने शिणलंय की माणसांचा कंटाळा आलाय? तिन्हीला आपण 'थकलेय' हा एकच शब्द वापरतो पण औषध वेगळं आहे. झोपेची थकावट असेल तर जागा कुठलीही चालेल, खोली अंधारी आणि शांत हवी बस. दिवसभर खुर्चीत बसून डोकं जड झालं असेल तर नुसतं लोळून भागणार नाही, चालायला मोकळी वाट हवी, झाडं हवीत, पाणी दिसलं तर उत्तम. आणि माणसांनी थकली असशील (मला वाटतं तुझं तेच झालंय, दिवसभर क्लायंटशी गोड बोलून) तर आठ जणांच्या ग्रुपबरोबर जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. मैत्रिणी दुखावतील म्हणशील. दुखावू देत, दोन दिवसांनी विसरतील. एकाच कोणाबरोबर तरी जा, किंवा सरळ एकटी, आणि कोणी बरोबर असेल तर आधीच बोलून ठेव की मी दुपारी बाहेर पडणार नाही, तुला फिरायचं असेल तर तू खुशाल जा. हे निघायच्या आधी सांगितलं तर साधं वाक्य असतं, तिथे जाऊन सांगितलं की भांडण होतं.

जागा एकच ठेव. एक खोली, एक गादी, बॅग एकदाच उघडायची. याला कारण आहे. नवीन जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हा अनुभव तुलाही असेल, पण २०१६ मधे अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं की पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा सावध झोपतो, पहाऱ्यावर बसल्यासारखा, जरा वेगळा आवाज आला की जागा होतो. दुसऱ्या वेळी तिथेच झोपलं की हा पहारा उठतो. म्हणजे रोज मुक्काम बदलला की रोज पहिली रात्र! माझ्या त्या पाच दिवसांत मी चार पहिल्या रात्री काढल्या होत्या, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. म्हणून पहिल्या सकाळी डोकं जड वाटलं तर जागेला शिव्या घालू नकोस, एक रात्र जाऊ दे.

लांब तर अजिबात जाऊ नकोस. एका बाजूचा प्रवास अर्ध्या दिवसात उरकेल एवढंच अंतर, आणि उजेड असताना पोचायचं. देशाबाहेरचा विचार डोक्यात असेल तर घड्याळातल्या प्रत्येक तासाच्या फरकाला शरीर साधारण एक दिवस घेतं, म्हणजे सहा-सात तासांचा फरक असला तर जुळवून घेता घेताच परतीचं तिकीट. तसल्या ट्रिपा कर की, पण त्याला आराम म्हणू नकोस.

खोलीचा व्ह्यू वगैरे ठीक आहे, फोटोत छानच दिसतो. पण तू फोन करून काय विचारणार आहेस? मी हे विचारतो: खिडकी कुठल्या बाजूला उघडते, रस्त्याकडे की मागे? शेजारी बांधकाम चालू आहे का? खाली हॉल आहे का आणि त्या तारखांना कसला कार्यक्रम बुक आहे? जनरेटर कुठे ठेवलाय? पडदे जाड आहेत का? समोरचा माणूस वैतागतो, वैतागू दे. एकदा मी फार सुंदर व्ह्यू घेतला होता आणि त्याच्या बरोब्बर खाली जनरेटर होता, तीन रात्री. पैसे जास्त घालायचेच तर शांततेवर घाल, आणि होईल तेवढं आधीच भरून टाक म्हणजे तिथे बसून रोज हिशोब नको.

आता कडा. निघायच्या आधीचा शेवटचा दिवस कामाचा धरूच नकोस. सुट्टी लागली की आजारी पडणारी माणसं बघितली असशील, ऑफिसात वर्षभर ठणठणीत आणि सुट्टीच्या पहिल्याच दिवशी डोकेदुखी, सर्दी, अंग मोडून येणं. आड फिंगरहूट्स नावाच्या डच मानसशास्त्रज्ञाने २००२ मधे यावर लिहिलंय, पाहणीत साधारण तीन टक्के लोकांनी हा त्रास सांगितला. कामाचा ताण आणि सुट्टीत पटकन गिअर न बदलता येणं ही कारणं त्या लोकांनीच दिली. म्हणून शेवटच्या आठवड्यात वेग वाढवायच्या ऐवजी उतरवत आणायचा. आणि एक बारीक गोष्ट, तू ऑफिसात दिवसाला पाच-सहा कॉफ्या पितेस आणि सुट्टीत दुपारपर्यंत झोपतेस. कॉफी एकदम तुटली की बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं. हा काही आजार नाही, कॉफीची तलफ आहे. आधीच्या आठवड्यात रोज थोडी कमी करत जा.

कामाचं डोक्यातून कसं काढायचं? 'विचार करणार नाही' असं ठरवून काही होत नाही, उलट जास्त येतो. माझी पद्धत अशी की शेवटच्या दिवशी सगळी अर्धवट कामं एका कागदावर लिहायची आणि प्रत्येकापुढे पुढची पायरी. 'रिपोर्ट' एवढं लिहून उपयोग नाही, 'बुधवारी सकाळी अकाउंट्सकडून आकडे मागवायचे' असं लिहायचं. बरीच वर्षं मला वाटायचं हा माझाच वेडेपणा आहे, मग २०११ चा एक अभ्यास वाचला, त्यात हेच होतं की अर्धवट काम मनात घोळत राहतं, पण ते पूर्ण करावंच लागतं असं नाही, केव्हा आणि कसं करणार हे पक्कं ठरवलं तरी मन त्याचा पिच्छा सोडतं. तो कागद ड्रॉवरमधे ठेवून यायचा. बरोबर न्यायचा नाही, हे मुद्दाम सांगतोय कारण तू नेशील.

हँडओव्हर एकाच माणसाला दे, आणि खरंच आग लागली तर त्याने फोन करायचा, मेसेज नाही. फोन करायला माणूस दहादा विचार करतो, मेसेज कोणीही टाकतो. मेलचं अ‍ॅप फोनमधून काढूनच टाक. 'नोटिफिकेशन बंद करते' हे तू मागच्या वर्षीही म्हणाली होतीस आणि मग बाथरूममधून रिप्लाय करत होतीस, मला माहितीये, कारण त्यातला एक मलाच आला होता. ऑटो-रिप्लायमधे परत यायची तारीख एक दिवस पुढची टाक. खोटं वाटतं थोडं, पण तो एक दिवस मेल उपसायला मिळतो.

आणि सुट्टी मागताना ते "सॉरी सर, जमलं तर" वालं मेल लिहू नकोस गं. पगारी रजेबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पहिला करार १९३६ मधे केला, आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात चोविसाव्या कलमात विश्रांतीचा आणि पगारी सुट्टीचा हक्क लिहिलेला आहे. तुझ्या साहेबाला हे ऐकवू नकोस अर्थात! पण लिहिताना तुझ्या डोक्यात असू दे. तारखा लिही, काम कोण बघणार ते लिही, संपलं.

मधल्या दिवसांबद्दल मला फार सांगायचं नाहीये, एकच. दुसऱ्या दिवशी दुपारी तुला बेचैन होईल. हात फोनकडे जाईल, वाटेल की आपण वेळ वाया घालवतोय, इतके पैसे खर्च करून आलोय आणि नुसतं बसलोय, चला काहीतरी बघून येऊ. नेमकी ही दुपार सांभाळायची. माणसाला नुसतं बसणं किती जड जातं याचा एक प्रयोग २०१४ मधे झाला होता. लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं, करायला काही नाही, फक्त एक बटण, दाबलं की विजेचा हलका झटका. आधी हेच लोक म्हणाले होते की हा झटका टाळायला आम्ही पैसे देऊ. तरीही अठरा पुरुषांपैकी बारा जणांनी आणि चोवीस बायकांपैकी सहा जणींनी बटण दाबलं! तेव्हा तुला चुळबूळ झाली तर तुझ्यात काही बिघडलेलं नाही. चालून ये, झोप, पाण्याकडे बघत बस, काहीही कर, फक्त त्या दुपारी कसलं तिकीट बुक करू नकोस. तिसऱ्या दिवशी आपोआप सैल पडतं, निदान माझं तरी पडतं.

सात दिवस कमी वाटतायत म्हणून पुढच्या वर्षासाठी रजा साठवायचा विचार करत असशील तर तोही सोड. तीन आठवड्यांच्या लांब सुट्टीवर गेलेल्या लोकांचा एक अभ्यास आहे, त्यात त्यांना बरं वाटणं आठव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात वर गेलं, आणि कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच सगळं होतं तिथे आलं. म्हणजे महिनाभराची रजा साठवूनही ती पुरचुंडी फार दिवस पुरत नाही. त्यापेक्षा वर्षातून दोन-तीनदा छोटी छोटी काढ.

तुझी शीट या मेलला जोडलीये. बेचाळीसपैकी अडतीस ओळी उडवल्यात, नावं बघून हळहळशील, पण ती ठिकाणं कुठे पळून जात नाहीत. उरल्यात चार: जायचा दिवस, यायचा दिवस, घरी बसायचा एक दिवस आणि ऑफिस. ऑफिस मी सोमवारऐवजी बुधवारी टाकलंय, आठवडा तीन दिवसांचाच पडतो. ती निळी '४ ते ५ : रिलॅक्स' पण काढली.

रजेचं मेल आजच टाक. आणि रूमवाल्याला फोन करून जनरेटर कुठे आहे ते विचार.

— दादा