घरगुती मसाल्यांच्या व्यवसायाला कोणतं नाव द्यावं?

ताई, घरगुती मसाले आणि सुक्या चटण्या विकायला सुरुवात करताय आणि 'स्वाद', 'गृहिणी', 'अन्नपूर्णा' यांतलं कोणतं नाव ठेवू, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत, तिन्ही सोडा. नावं गोड आहेत, पण त्यांतलं एकही तुमचं एकटीचं होणार नाही.

मी लेबलं आणि पाकिटं छापतो. मसालेवाल्यांची नावं रोज डोळ्यांखालून जातात: अस्सल, शुद्ध, रुचकर, घरचा, आईच्या हातचा. वाण्याच्या दुकानात ही पाकिटं एकाच दोरीला लटकतात. गिऱ्हाइकाला तुमचा काळा मसाला आवडतो, महिन्याने ते परत येतं आणि 'ते घरगुतीवालं द्या' म्हणतं. दुकानदार हाताला येईल ते देतो. मिरच्या निवडण्यापासून भाजण्या-कांडण्यापर्यंतचे कष्ट तुमचे आणि विक्री दुसऱ्याची. हे पाहून खरंच जीव तुटतो, म्हणून इतकं लिहितोय.

कायदाही याच बाजूने आहे. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यातल्या कलम 9 नुसार मालाचा प्रकार, गुण किंवा ठिकाण सांगणारा नुसता शब्द सहसा नोंदवून मिळत नाही. अनेक वर्षांच्या वापराने तो तुमच्याच मालाची ओळख झालाय हे सिद्ध करावं लागतं. म्हणून 'मालवणी', 'सोलापुरी' हे शब्द नावाखालच्या ओळीत घाला, तिथे ते माल खपवतात.

टिकलेली नावं बघा. विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनीच्या आद्याक्षरांतून 'विको' आलं. दांडेकरांच्या 'कॅमल इंक'चं 'कॅमलिन' झालं. या शब्दांना आधी काही अर्थच नव्हता, म्हणून त्यांवर दुसरा कुणी हक्क सांगणार तरी कसा? आडनावही चालतं, गिरगावातले बेडेकर 1910 पासून त्याच नावावर उभे आहेत. पण पाटील, जोशी, कुलकर्णी असाल तर नुसत्या आडनावावर वेगळेपण टिकवणं जड जातं. तुमच्या मळ्याचं, वाडीचं, जुन्या वाड्याचं काही खास नाव असेल तर ते आधी काढा. मुलांच्या नावांची अक्षरं जुळवूनही छान शब्द होतात. तीन-चार अक्षरांत बसवा, छोट्या पाकिटावर नाव ठळक येतं.

महाराजांच्या नावाचा मोह बऱ्याच जणांना होतो. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव 1950 च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या सूचीत आहे, सरकारच्या परवानगीशिवाय ते धंद्याला लावता येत नाही.

नाव सुचलं की ओळखीच्या माणसाला फोन करा, एकदाच सांगा आणि इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवायला सांगा. 'ज्ञ' असलेलं नाव कुणी 'डीएनवाय'ने लिहितं, कुणी 'जीवाय'ने. 'ळ' तर इंग्रजीत उरतच नाही. तुमची अर्धी विक्री व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर होणार, तिथे शोधताना सापडलं नाही तर त्या नावाचा उपयोग काय?

मग आयपी इंडियाच्या, म्हणजे सरकारच्या ट्रेडमार्क खात्याच्या, संकेतस्थळावर ट्रेडमार्क शोध घ्या, फुकट आहे. ट्रेडमार्कसाठी मालाचे क्रमांकवार वर्ग केलेत, मसाले आणि चटण्या वर्ग 30 मध्ये येतात, लोणची वर्ग 29 मध्ये. तिथे 'फोनेटिक' हा पर्याय नक्की वापरा, कारण स्पेलिंग वेगळं असून उच्चार सारखा असला तरी हरकत येते. लघुउद्योगाची 'उद्यम' नोंदणी झाली, खाद्यपदार्थांसाठी लागणारा एफएसएसएआयचा नंबर आला म्हणजे नाव आपलं झालं असं खूप जण धरून चालतात. त्या नोंदण्या वेगळ्या कामाच्या आहेत, नावावरचा हक्क त्यांतून मिळत नाही.

ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाला एका व्यक्तीसाठी एका वर्गाचे 4,500 रुपये लागतात आणि नोंदणी 10 वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करता येतं. सुरुवातीला पैसे नसतील तर थांबा, पण पहिल्या दिवसापासून नाव आणि तारीख छापलेली बिलं फाडा आणि जपून ठेवा. उद्या कुणी तेच नाव नोंदवलं, तरी तुम्ही आधीपासून वापरत होता हे दाखवायला तीच बिलं लागतील. आणि लेबल छापायला टाकाल ते शोध घेऊन झाल्यावरच, आधी नाही.