वजन कमी केल्यावर भूक आधीपेक्षा जास्त का लागते? माझी इच्छाशक्ती कमी पडतेय का?

इच्छाशक्तीला दोष देऊ नका. दहा किलो उतरवल्यापासून दिवसभर खाण्याचेच विचार येतात असं तुम्ही लिहिलंय. ते यावेत अशीच शरीराची रचना आहे.

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. ती लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. चरबी जितकी जास्त, तितकं लेप्टिन जास्त. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये भूक चेतवणाऱ्या आणि भूक शमवणाऱ्या चेतापेशी शेजारी शेजारी असतात. लेप्टिन पहिल्यांना दाबून ठेवतं, दुसऱ्यांना जागं करतं. चरबी घटली की लेप्टिन घसरतं आणि तो दाब सुटतो. भूक वाढतेच, वर शरीर ऊर्जा खर्च करताना हातही आखडता घेतं. दुहेरी मार!

१९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचं जनुक शोधलं, तेव्हा लठ्ठपणावर औषध सापडलं असंच अनेकांना वाटलं. जन्मतः लेप्टिन तयारच न होणाऱ्या मोजक्या मुलांना त्याची इंजेक्शनं कमालीची लागू पडली. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात मात्र ते आधीच भरपूर होतं, आणखी देऊन फारसा फरक पडला नाही. वाढलेल्या लेप्टिनकडे मेंदू काणाडोळा करतो, घटलेल्याची मात्र लगेच दखल घेतो. मला तर हे संप्रेरक तृप्तीपेक्षा उपासमारीची वर्दी देणारंच जास्त वाटतं.

जोडीला घ्रेलिन हे भूक चेतवणारं संप्रेरक असतं. ते मुख्यतः जठरातून येतं आणि जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी चढतं, म्हणून घड्याळ न बघताही भूक वेळेवर लागते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात, वजन उतरवून वर्ष झालं तरी लोकांचं घ्रेलिन चढलेलं आणि लेप्टिन उतरलेलं होतं. त्यामुळे 'दोन महिन्यांत सवय होईल' असं कुणी म्हणालं तर फार मनावर घेऊ नका.

प्रथिनं वाढवा, झोप पुरी घ्या. अपुऱ्या झोपेनेही भूक वाढते. सावकाश जेवणंही बरं, कारण आतड्यांकडून 'पुरे'चा निरोप मेंदूला पोचायला वेळ लागतो. त्यातलाच एक निरोप्या म्हणजे जीएलपी-१. रक्तात तो जेमतेम दोन-तीन मिनिटं टिकतो. त्याचीच नक्कल करणारं सेमाग्लुटाइड हे औषध मात्र आठवड्यातून एकदा टोचलं तरी पुरतं. त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, पण ते थांबवल्यावर भूक बहुधा परत येते, हेही विचारून घ्या.